पाठीतलं पाणी

ठाकुर्ली
नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, १९८९

चि. शेवंतीस मनुबाईचा आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. घरी कोणी नव्हतं म्हणून पोस्टमन मला शोधत डोंबिवलीच्या बाजारात आला, आणि तेव्हा मी कोलंबी सोलत बसलेली. तसंच ओल्या हाताने फोडलं. आता या पाकिटालाही वास लागला असेल तर नाक मुरडू नको, हा तुझ्या सासरचा वास आहे, आतापासून सवय कर.

तुझे सासरे दामाजी बोलतात, साखरपुडा झाला म्हणून काय झालं, सासू कधी सुनेला पत्र लिहिते का? मी बोलले, माझी सून ठाण्याच्या कोळीवाड्यातून थेट बंगलोरला शिकायला गेली, अशी सून तरी कोणाला मिळाली का? सातवी शिकले ती काय नुसतं माशांचं गिऱ्हाईक मोजायला? तर ते जाळं शिवायला बसले. हॉस्टेलात मासळी मिळत नाही हे वाचून जीव कसनुसा झाला. सुकट आणि बोंबील पाठवतेय, दोन पिशव्यांत घट्ट बांधलेत. शेजारच्या खोलीतल्या पोरी ओरडल्या तर त्यांनाही दे, मग नाही ओरडायच्या.

आता मुद्द्याचं. तू लिहिलंस की तुमच्या मोठ्या सरांना निरोगी माणसाच्या पाठीच्या कण्यातलं पाणी तपासायला पाहिजे होतं, आणि तू स्वतःचं दिलंस. अगो, कशाला? लोक रक्त देतात ते ऐकलंय. पाठीत सुई? वाचता वाचता माझ्याच पाठीत कळ गेली. साऱ्या बंगलोरात त्यांना दुसरं धडधाकट माणूस दिसलं नाही काय? नंतर थोडं डोकं दुखलं असं लिहिलंयस, म्हणजे चांगलंच दुखलं असणार. तुला काय मी आज ओळखते?

आणि पुढे लिहितेस की त्या पाण्यात पांढऱ्या पेशी सापडल्या, मोजक्याच, आणि तू खूश! ते पान मी दोनदा वाचलं. मोठमोठे डॉक्टर समजायचे की मेंदू म्हणजे कुलूप लावलेलं घर, रक्तातले शिपाई तिथे आजारपणाशिवाय शिरतच नाहीत. आणि तुमचे सर दाखवतायत की चांगल्या माणसाच्या मेंदूतही काही राखणदार पेशी कायमच्या वस्तीला असतात, आणि काही बाहेरून येऊन फेरी मारून जातात. सगळं नाही कळलं, पण एवढं कळलं. गावात चौकीदार फिरताना दिसला म्हणजे चोरी झाली असं होत नाही. बरोबर ना? बरोबर असेल तर तुझ्या सरांना सांग, ठाकुर्लीच्या मासेवालीला हे एका दुपारी कळलं, तुम्हाला इतकी वर्षं का लागली?

कान्हा मजेत आहे. कंपनीत फिटर म्हणून कायम झाला. तुझा फोटो पाकिटात घेऊन फिरतो आणि त्याला वाटतं आयसला, म्हणजे मला, माहीत नाही.

सुईचं मी कोणाला सांगितलं नाही. फक्त दगडाबाईला सांगितलं, ती सख्खी नणंद, तिच्याशी बोलल्याशिवाय मला घास उतरत नाही. तिला बजावून ठेवलंय.

माघातल्या लग्नासाठी धवले गाऊन लग्न लावणारी धवलारीण सांगून ठेवली. आपल्यात भटजीपेक्षा तिचाच मान, आणि चांगल्या गळ्याची बाई सगळेच पळवतात. तू वेळेवर ये म्हणजे झालं.

तुझी सासू,
मनुबाई


ठाकुर्ली
दसरा झाल्यावर, १९८९

चि. शेवंती,

उत्तराला उशीर झाला. कारण काही नाही. म्हणजे कारण आहे, पण तू मनाला लावून घेऊ नको.

दगडाबाईच्या पोटात काही राहिलं नाही. परवा बाजारात शेजारी बसणारी सगळ्या गिऱ्हाइकांसमोर विचारते, "मनुबाई, तुझ्या सुनेच्या मेंदूत किडे निघाले म्हणे?" मी बोलले, "तुझ्या जिभेवर निघालेत, आधी ते झाड." लोक हसले. पण त्या दिवशी माझी निम्मी पाटी परत आली.

मग दगडाबाईला धरलं. ती रडायला लागली. बोलते, मी फक्त एवढंच बोलले की डोक्याच्या पाण्यात पेशी निघाल्या. फक्त! आगीत तेल ओतून वर फक्त म्हणते. गावात आता तुझ्या फीटच्या, वेडाच्या गोष्टी चालल्यात, कोणी म्हणतं ठाण्याला लहानपणी उतारा केलेला. कोणी काय बोलेल सांगता येत नाही.

शेवटी जमात बसली. तुला माहीत आहे आपल्यात कसं असतं, घरातलं लग्न असलं तरी ते गावाचं असतं. सखाराम पाटलाने तुझ्या सासऱ्यांना विचारलं, "दामाजी, निरोगी माणसाच्या पाठीत कोण सुई मारतो, एवढंच सांग." हे खाली बघून बसले. बायका जमातीत बसत नाहीत, पण मी दाराशी उभी होते. चौकीदाराचं माझ्या अगदी ओठांवर आलेलं. पण बाईमाणसाने तिथे तोंड उघडायचं नसतं, म्हणून राहिलं.

तर जमातीचं म्हणणं असं. लग्नाच्या आधी तू इथे यायचं, इथल्या डॉक्टरकडे परत पाणी तपासून घ्यायचं, आणि त्यात एकही पेशी नाही असा दाखला आणायचा. मग कोणाची हरकत नाही. वाजतगाजत मांडव घालू.

मला माहीत आहे तू काय बोलशील. त्या पेशी सगळ्यांच्यातच असतात, तू लिहिलंयस, मी विसरले नाही. पण हे मला कळतं, गावाला कळत नाही ना. देवळात जाताना आपण चपला बाहेर ठेवतो, तशी एक दिवस तुझी विद्या बाहेर ठेव. एक सुई घेतलीस, दुसरी काय जड आहे? कुठलाही डॉक्टर ओळखीने लिहून देईल. कागद दाखवायचा, पाटलाने वाचायचा, संपलं. नंतर आयुष्यभर तू तुझ्या त्या पेशी बघायच्या काचेतून काय बघायचं ते बघ, मी आडवी येणार नाही.

कान्हाचंही हेच म्हणणं आहे.

मनुबाई


ठाकुर्ली
संक्रांत, १९९०

शेवंती,

साखरपुड्याची साडी, अंगठी आणि चांदीचे पैंजण मिळाले. नीट घडी घालून पाठवलंस, त्याबद्दल कौतुक करू का? पार्सल दामाजींनी उघडलं, आणि उघडून तसंच अंगणात ठेवून होडीवर निघून गेले. दुपारभर सगळ्या गल्लीने येता-जाता बघितलं.

आणि पत्र किती, तर अर्धं पान! लिहितेस की साध्या तपासणीत कदाचित एकही पेशी दिसणार नाही, थेंबभर पाण्यात सुटूनही जातात. तसा कागद मिळणं अवघड नाही. पण, तुझं म्हणणं, तो दाखवला म्हणजे मीच कबूल केलं की ज्यांच्यात दिसतात ती सगळी वेडी. मग उद्या कोणी निरोगी माणूस आमच्याकडे पाणी द्यायला येणार नाही, आणि आजारी माणूससुद्धा त्या सुईला घाबरेल. म्हणून मी दाखला आणणार नाही, हे तुझे शब्द.

अगो, एवढा ताठा! कागद मिळत होता, नुसता आणायचा होता. खरं खरं म्हणून काय चाटायचंय? मी तुझ्यासाठी बाजारात तोंडं बंद केली, नणंदेशी अबोला धरला, आणि तू एक कागद आणू शकत नाहीस? तुला काय, तू बंगलोरात. वाळीत टाकलं तर आम्हाला टाकतील. दामाजींची होडी ओढायला कोणी हात लावणार नाही. घरात मयत झालं तर खांदा द्यायला चार माणसं येणार नाहीत. हे तुझ्या काचेतून दिसतं काय?

कान्हाचं विचारलंयस. त्याने स्वतः का लिहिलं नाही म्हणून. तो काय लिहिणार? पुरुषमाणूस, त्याला लिहायला जमत नाही. मध्ये तो बंगलोरला यायला निघालेला, म्हणजे कंपनीच्या कामाला, पण ते काम राहिलं. मी त्याला बसवून नीट समजावलं. काय समजावलं ते तुला सांगायची गरज नाही. दोन दिवस जेवला नाही, आता जेवतो.

झालं ते झालं. तुझी सुकटीची पिशवी बांधून ठेवलेली, ती दगडाबाईच्या पोरांना दिली.

मनुबाई


ठाकुर्ली
गौरी गेल्यावर, १९९२

शेवंती,

अडीच वर्षांनी लिहितेय. तू फाडून टाकलंस तरी चालेल.

तुझे बाबा गेल्याचं कळलं तेव्हा मी ठाण्याला आलेले. कोणाला न सांगता आले. तुझ्या आयशीने मला पाणी दिलं, पण बोलली नाही. तू मागच्या दारात पाठमोरी उभी होतीस, केस कापलेत. हाक मारावी असं फार वाटलं. तशीच उठून आले.

कान्हाचं लग्न झालं. दिवा गावची मुलगी आहे, रतन नाव. दिव्याला पाण्याची मारामार, म्हणून इथे नळाला पाणी बघून पहिल्या दिवशी हरखून गेलेली. गुणी आहे. घरात पाळणा हलला, मुलगी झाली, मालू. रंगाने काळी आणि आवाजाने खणखणीत, माझ्यावर गेलीय असं सगळे बोलतात.

कान्हा बरा आहे. कमी बोलतो. पूर्वी तो कसा बडबड्या होता तुला माहीत आहे, साखरपुड्याला तुझ्या मामाला हसवून हसवून ठसका लागलेला. आता कंपनीतून येतो, जेवतो, आणि खाडीवर जाऊन बसतो. वयाने होतं असं.

तू लग्न केलं नाहीस असं कोणी तरी सांगितलं. ते माझ्यामुळे असं मी समजत नाही. तुझं तिथे एवढं मोठं काम, तुला वेळ नसेल. असंच असेल ना?

उत्तर नको. लिहावंसं वाटलं म्हणून लिहिलं.

मनुबाई


ठाणे, हॉस्पिटलच्या बाकावरून
आषाढ, १९९५

शेवंती,

आज सगळं लिहिणार. मध्येच थांबले तर परत हिंमत व्हायची नाही, म्हणून वाकडंतिकडं आलं तरी वाच.

मालूला ताप भरला. सव्वातीन वर्षांची पोर, दिवसभर टकळी चालू असायची तिची, ती एकदम निपचित. ओकली, मान वाकवू देईना, उजेड नको म्हणून डोळे मिटून घेतले. डोंबिवलीच्या डॉक्टरने हात लावला आणि बोलला, इथे वेळ घालवू नका, ठाण्याला न्या. तशीच रिक्षा करून आणली. इथे डॉक्टरीणबाई आहेत, अँजेला नाव, इथल्याच ख्रिस्ती आहेत, आपल्यासारखंच बोलतात. त्यांनी तपासलं आणि कान्हाला सांगितलं, "दादा, मेंदूवरच्या आवरणाला सूज आलीय असं वाटतंय. पाठीतलं पाणी काढून बघायला लागेल. आत्ताच. इथे सही करा."

आणि कान्हा बोलला, "नाही."

बाईंना वाटलं घाबरला. त्यांनी समजावलं, छोटी सुई असते, काही होत नाही. तो ऐकेना. बोलला, "पाठीत सुई डोकं फिरलेल्यांना मारतात. माझ्या पोरीचं डोकं शाबूत आहे. एकदा पाठीत सुई गेली की ती गावात माणसात राहत नाही, मला माहीत आहे. माझ्या आयसला विचारा."

सगळे माझ्याकडे वळले. बाई, नर्स, दामाजी. विचारलं मला, शेवंती! त्या दिवशी जमातीत बाईमाणसाने तोंड उघडायचं नसतं, म्हणून गप्प राहिले असं मी तुला लिहिलेलं. इथे तर विचारलं. आणि मी फरशीकडे बघत उभी राहिले.

का ते सांगते. तुझं नाव जमातीत निघालं तेव्हा कान्हाने घर डोक्यावर घेतलेलं. बोलला, जमात गेली खड्ड्यात, मी बंगलोरला जातो आणि तिथेच लग्न करतो, मला वाळीत टाका नाही तर खाडीत टाका. तिकीट काढून आलेला. कंपनीचं काम वगैरे काही नव्हतं, ते मी तुला खोटं लिहिलं. त्याने तुला कधी नाही म्हटलं नाही. दाखला आण असंही तो बोलला नव्हता, उलट मागाहून कळल्यावर मला बोलला, आये, तिच्याकडे असला कागद मागायला तुला लाज कशी वाटली नाही? "कान्हाचंही हेच म्हणणं आहे" ही ओळ माझी. ती लिहिली तेव्हा त्याला पत्राचं ठाऊकही नव्हतं.

मग त्याला अडवायला मी त्याला सांगितलं, शेवंतीला खरंच वेडाचे झटके येतात. तिनेच मला विश्वासाने कळवलंय, आणि तुला सांगू नका म्हणून हात जोडलेत. तिला तुझ्यावर ओझं व्हायचं नाही. पाठीत सुई उगाच नाही मारत, डोकं फिरलेल्यांनाच मारतात. तू गेलास तर ती आणखी खचेल. हे सगळं मी माझ्या तोंडाने बोलले, त्याचा हात हातात घेऊन. आयस खोटं बोलेल असं त्याच्या मनातही आलं नाही. त्याने तिकीट फाडलं, तुझ्यासाठीच फाडलं. तुला वाटलं असेल, भित्रा निघाला. तो भित्रा नव्हता. त्याच्या आयसचं काळीज उंदराचं.

तर त्या दिवशी इथे तोंड उघडलं असतं तर हे सगळं त्याला कळलं असतं. म्हणून नाही उघडलं. नातीचं अंग भाजत होतं आणि मी माझी अब्रू सांभाळत होते. कान्हाने पोरीला उचललं आणि कल्याणला दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं. त्याने मलेरिया सांगितला, औषध दिलं. मी मनाशी बोलले, बघ, मलेरियाच होता, देवाने राखलं. शेवंती, मला हे पटलंसुद्धा.

तिसऱ्या दिवशी मालूला आकडी आली. डोळे वर गेले. परत रिक्षा, परत ठाणे. अँजेलाबाईंनी कान्हाला एक शब्दही ऐकवला नाही, फक्त कागद पुढे केला. त्याचा हात परत आखडला. रतन आत पोरीजवळ होती, बाहेर आम्ही तिघं. तेव्हा मी बोलले, "टोचा, बाई. मी खोटं बोललेले. शेवंतीला काही झालेलं नव्हतं. ती निरोगी होती म्हणूनच तिचं पाणी घेतलेलं." कान्हाने माझ्याकडे बघितलं. मग सही केली. अंगठ्याएवढी सही करणारा माणूस, पण त्या दिवशी पेन कागदातून आरपार गेलं.

पाणी गढूळ निघालं, ताकासारखं. बाई बाहेर येऊन बोलल्या, पेशींचा नुसता खच आहे, जंतूंशी लढाई चाललीय आत. मला काय सुचलं कोण जाणे, मी विचारलं, "आणि चांगल्या माणसाच्या पाण्यात किती असतात?" त्या बोलल्या, "पाणी अगदी स्वच्छ दिसतं, तरी दोन-चार असायच्याच, आजी. राखणीला लागतातच ना कोणी." दामाजी बाजूलाच होते. ते बाकावर बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

मालू वाचली. औषध लागू पडलं, ताप उतरला, पेज प्यायली. आम्ही सगळे रडलो, नर्सला पेढे दिले. आणि मग काल सकाळी रतनच्या हातून स्टीलचं ताट खाली पडलं. सगळा वॉर्ड दचकला. मालू खिडकीकडे बघत खेळत होती, तिने मान वळवली नाही.

बाईंनी तपासलं. दोन्ही कान गेलेत. मी विचारलं, पहिल्याच दिवशी सुई मारली असती तर? त्या चांगल्या आहेत, बोलल्या, "सांगता येत नाही." पण त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं.

कान्हा माझ्याशी बोलत नाही. मी आणलेल्या डब्यातलं खात नाही. काल रात्री एवढंच विचारलं, "तिला माहीत आहे का, मी तिला नाही म्हटलं नव्हतं?" मी बोलले, नाही. तो बोलला, "मग आधी ते कळव." म्हणून हे पत्र. माफी मागायला तोंड नाही, मागतही नाही. तुला खरं कळावं, एवढंच.

आणि मालूचे शब्द, शेवंती, तिला येत होते तेवढे सगळे शब्द अजून बोलते ती. "आजी पानी" बोलते. स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही म्हणून ओरडून बोलते. बाई बोलतात, ऐकू येत नसेल तर हळूहळू तेही विसरेल. आता ती बोलायला लागली की मी सगळी कामं टाकून समोर बसते.

मनुबाई


ठाकुर्ली
कोजागिरी, १९९५

शेवंती,

तुझं पत्र आलं. पाकिटावर रतन आणि कान्हा यांचं नाव. रतन पाचवी शिकलेली, तिने दारातच फोडलं आणि मोठ्याने वाचायला लागली. मी चुलीपाशी मासे तळत होते, तिथूनच ऐकलं.

सगळं सविस्तर लिहिलंयस. मुंबईला कुठे न्यायचं, कानाला मशीन कसली लावतात, कोणाला जाऊन भेटायचं. एक दिवसही घालवू नका, आलेली भाषा टिकवायची हीच वेळ आहे. तिच्याशी बोलणं अजिबात बंद करू नका, उलट दुप्पट बोला. तिच्या समोर, उजेडात बसून, तिला तुमचे ओठ दिसतील असं. खुणा करून काम भागवू नका. शिकवलं तर ती बोलेल.

माझ्यासाठी एक ओळ नव्हती. नमस्कारही नाही. शेवटचं पान संपेपर्यंत मी कालथा हातात धरून वाट बघितली, मग मासे करपले. ठीक केलंस. मी तुझ्या जागी असते तर मालूसाठीसुद्धा लिहिलं नसतं.

मी सखाराम पाटलाकडे गेलेले. जमात बसलेली तेव्हाच गेले, आणि या वेळी दाराशी थांबले नाही, आत जाऊन सगळं सांगितलं. तुझं नाव घेऊन सांगितलं. तो बोलला, "मनुबाई, सहा वर्षांनी कसली फिर्याद आणलीस? त्या मुलीचं आता काय व्हायचंय?" बाकीच्यांनी चहा मागवला. दगडाबाई तेवढी रडली, पण तिचं रडणं तुला माहीतच आहे. ठाण्याला तुझ्या आयशीकडेही जाऊन आले. तिने दार उघडलं, ऐकून घेतलं, आणि दार लावलं.

कान्हाने तुझं पत्र रतनच्या हातून घेतलं, उभ्याउभ्याच वाचलं. तारखा विचारून ठेवल्या, कंपनीत रजा टाकली. पुढच्या सोमवारी मुंबईला जातायत तिघं. मला ये असं बोलला नाही, मीही विचारलं नाही. पण रात्री माझ्या ताटात त्याने स्वतः भात वाढला. तेवढ्यावर मी काही समजत नाही.

रतनला तुझं पूर्वीचं गावाने सांगितलेलं तेवढंच माहीत. मी कधी बोलले नव्हते. कान्हा बाहेर गेल्यावर तिने पत्राची घडी घातली आणि हळूच विचारलं, "आये, ही तीच काय? ठाण्याची, डोकं फिरलेली?"

मी बोलले, "नाही गो. ती कधीच आजारी नव्हती. ते मी केलं."

मला वाटलं रतन उठून जाईल. तिने मालूला ओढून समोर बसवलं, उजेडाकडे तोंड केलं, पत्राची घडी परत उघडली आणि पहिल्या ओळीपासून सावकाश, एकेक शब्द ओठांवर नीट आणत, तिला वाचून दाखवायला लागली.

मनुबाई